चीनमध्ये मुक्कामाला जाताना : फोन, पासपोर्ट आणि पाकीट यांची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातून चीनला जाणाऱ्यांत साधारण तीन प्रकारचे लोक असतात. उद्यमबाग किंवा मच्छे येथील फाउंड्री आणि मशीनशॉपवाले यंत्रे पाहायला आणि सुटे भाग ठरवायला जातात; व्यापारी ग्वांगझू येथे १९५७ पासून भरत असलेल्या कँटन फेअरला किंवा यीवूच्या घाऊक बाजाराला जातात; आणि वैद्यकीय शिक्षणासाठी मुले-मुली काही वर्षांच्या मुक्कामाच्या तयारीने निघतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाल्यापासून ओळखीच्या घरांतून माझ्याकडे होणारी विचारणाही वाढली आहे, आणि म्हणून ही माहिती एकदा नीट लिहून काढत आहे.

चीनमधले तंत्रज्ञान चकित करते ते फळांच्या गाड्यावर, वसतिगृहाच्या दारात, लिफ्टमध्ये, रेल्वेच्या डब्यात आणि सार्वजनिक स्वच्छतागृहात. त्यातील जवळजवळ प्रत्येक सोय तीन गोष्टींवर उभी आहे : चिनी मोबाइल क्रमांक, पासपोर्टवरील नाव आणि फोनमधील पैशांचे पाकीट. या तिन्ही ठिकाणी एकच माणूस एकाच नावाने नोंदलेला असला की सगळे दरवाजे आपोआप उघडतात. एका जागी अक्षराचा फरक पडला तर साधी सायकलही कुलूप सोडत नाही. माझा मुक्काम ग्वांगदोंग प्रांतातील फोशान या कारखानदारीच्या शहरात होता, त्यामुळे काही उदाहरणे त्या बाजूची आहेत; पण पद्धत सर्व मोठ्या शहरांत सारखीच आहे.

निघण्यापूर्वी घरीच उरकायची कामे

सर्वांत आधी पासपोर्टवरील नाव पाहावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे. त्यात सीमाभागात एका दाखल्यावर मराठी पद्धतीने पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर कन्नड पद्धतीने आद्याक्षरे, असा प्रकार घरोघरी आढळतो. चीनमध्ये सिमकार्ड, बँक खाते, रेल्वेचे तिकीट आणि रुग्णालयातील नोंद या सर्व ठिकाणी संगणक पासपोर्टवरील इंग्रजी अक्षरेच जुळवून पाहतो. एका जागी आडनाव आधी, दुसऱ्या जागी शेवटी, तिसऱ्या जागी वडिलांचे नाव गाळलेले असे झाले, तर यंत्राच्या लेखी ती तीन वेगळी माणसे होतात. म्हणून पासपोर्टच्या पानावर नाव ज्या क्रमाने आणि जितक्या जागा सोडून छापले आहे, तसेच ते एका कागदावर लिहून ठेवावे, प्रत्येक खिडकीवर तोंडाने सांगण्याऐवजी तो कागद पुढे करावा आणि टेबल सोडण्यापूर्वी पावतीवरचे नाव अक्षर न अक्षर तपासावे. आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर व्हिसाचा अर्ज करण्याआधीच तो दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे आहे.

विद्यार्थ्यांच्या पालकांनी पासपोर्टची मुदतही पाहावी. अठरा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट कमी मुदतीचा असू शकतो आणि तो शिक्षणाच्या मध्येच संपला तर नवीन पासपोर्टावर नवीन क्रमांक येतो. मग सिमकार्डापासून बँकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी जुना क्रमांक बदलून घेण्यात आठवडे जातात. हे काम इथे असताना करणे कितीतरी सोपे आहे.

दुसरे काम बँकेचे. आपले यूपीआय चीनमधील दुकानांत चालणार नाही, असे धरूनच तयारी करावी. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलेली, वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे बरोबर असावीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असते, त्यामुळे बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील आणि ऑनलाइन व्यवहार सुरू करून मर्यादाही ठरवून घ्याव्यात. कार्ड चिनी पाकिटाला जोडताना ओटीपी येतो तो भारतीय क्रमांकावर. म्हणून त्या सिमचे रोमिंग निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावे आणि फोन दोन सिमचा असावा. वडिलांचे कार्ड मुलाच्या फोनला जोडण्याचा बेत असेल, तर ओटीपी बेळगावात येणार आणि मुलगा चीनच्या दुकानात उभा असणार, हे लक्षात ठेवून मुलाच्या नावाचेच खाते आणि कार्ड काढलेले बरे.

चीनमध्ये संदेश आणि पैसे या दोन्हींसाठी वापरले जाणारे वीचॅट हे ॲप २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये आहे. ते इथे असताना कुठून तरी मिळवून फोनमध्ये टाकण्याच्या खटपटीत पडू नये. चीनमध्ये पोहोचल्यावर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा फोन बनवणाऱ्या कंपनीच्या चिनी स्टोअरवरून ते घ्यावे. नवीन खाते उघडताना बरेचदा आधीपासून वीचॅट वापरणाऱ्या व्यक्तीने कोड स्कॅन करून ओळख पटवावी लागते, त्यामुळे महाविद्यालयातील वरच्या वर्गातला विद्यार्थी किंवा कारखान्यातील संपर्काचा माणूस आधीच ठरवून ठेवावा.

खडे बाजारातून घेतलेली पॉवर बँक चीनमधील देशांतर्गत विमानात चालणार नाही. २८ जून २०२५ पासून ‘थ्री-सी’ हे चिनी सुरक्षा-प्रमाणन नसलेली पॉवर बँक तिथल्या देशांतर्गत उड्डाणांत नेता येत नाही. ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते. वीज जवळजवळ आपल्यासारखीच, २२० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असली, तरी आपली गोल पिनांची प्लग तिथल्या चपट्या भोकांत बसत नाही, म्हणून एक अडॅप्टर घ्यावा. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषेचा ऑफलाइन संच घरीच उतरवून ठेवावा आणि राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता चिनी अक्षरांत छापून खिशात ठेवावा. चीनच्या प्रवेश कार्डाची माहिती २० नोव्हेंबर २०२५ पासून ऑनलाइन भरता येते; तेही काम विमानात बसण्यापूर्वी होऊ शकते.

पहिले दोन दिवस

हॉटेलात उतरल्यास पोलिसांकडील नोंद हॉटेलच करते. वसतिगृहात, भाड्याच्या घरात किंवा ओळखीच्या माणसाकडे उतरल्यास ही नोंद २४ तासांच्या आत व्हावी लागते. काही शहरांत ती फोनवरूनही होते. पुढे बँक किंवा निवासाचा परवाना या कामांत हाच कागद मागितला जातो, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवावा.

त्यानंतर पहिले काम सिमकार्डाचे. चायना मोबाइल, चायना युनिकॉम किंवा चायना टेलिकॉम यांच्या अधिकृत दुकानात पासपोर्ट घेऊन स्वतः जावे लागते आणि १ डिसेंबर २०१९ पासून चेहऱ्याची पडताळणीही करून घ्यावी लागते. मित्राच्या नावावरचे सिम वापरणे सोपे वाटते, पण त्याने पुढचा एकही दरवाजा उघडणार नाही. आपल्या नावाचे सिम किंवा खाते दुसऱ्याला वापरायला देणे हा तर तिथे गंभीर गुन्हा ठरू शकतो. ऑक्टोबर २०२० पासून फसवणूक रोखण्यासाठी चालू असलेल्या देशव्यापी मोहिमेत अशा देवघेवीवर कडक कारवाई होते. ‘थोडे पैसे देतो, तुझे खाते दोन दिवस दे’ असे सांगणारा कोणीही भेटला, मग तो आपल्या भागातला का असेना, त्याला स्पष्ट नकार द्यावा.

चिनी सिम किंवा वसतिगृहाचे वायफाय यांवर गूगल, जीमेल, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप उघडत नाहीत. परवानगीशिवाय व्हीपीएन, म्हणजे बंद संकेतस्थळे उघडण्याचा इंटरनेटवरील आडमार्ग, वापरणे तिथल्या नियमांत बसत नाही, म्हणून मी ते सुचवणार नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवरील इंटरनेट मात्र आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून फिरून येते, आणि त्यामुळे त्यावर व्हॉट्सॲप चालते. रोमिंगचा छोटा पॅक घेऊन तो फक्त घरच्यांशी बोलण्यासाठी राखून ठेवावा. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइमही चालते. चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. टिळकवाडीत रात्री साडेआठला जेवण आटोपून आईने फोन लावला, तर मुलीकडे अकरा वाजलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी तिला आठचा तास असतो. वेळ आधी ठरवून घेतली की दोन्हीकडची काळजी कमी होते.

पैसे देण्याची दुहेरी रीत

क्यूआर कोडचे आपल्या माणसाला अप्रूप वाटत नाही, कारण रविवार पेठेत गुळाच्या दुकानापासून भेळेच्या गाड्यापर्यंत तो चिकटवलेला आहे. फरक पडतो तो पैसे देण्याच्या दिशेत. आपल्याकडे गिऱ्हाईक दुकानदाराचा कोड स्कॅन करते. चीनमध्ये तीही पद्धत आहे, पण अनेक दुकानांत दुकानदारच आपल्या फोनवरचा कोड स्कॅन करतो. फोशानमध्ये माझ्या इमारतीच्या खाली वाफेवरच्या पावांचे एक दुकान होते. तिथली बाई एका हाताने बांबूच्या टोपलीचे झाकण उचलत असे आणि दुसऱ्या हातातला स्कॅनर पुढे करत असे. फोन दाखवला की टिंग आवाज होऊन रक्कम मोठ्याने ऐकू येई आणि तोवर पाव पिशवीत पडलेले असत. पिन नाही, बोटाचा ठसा नाही. छोट्या रकमांना असे चालत असल्यामुळे तो कोड म्हणजे उघडे पाकीटच समजावे. कोड दर मिनिटाला बदलतो ही सुरक्षा असली, तरी त्याचा स्क्रीनशॉट कोणालाही पाठवू नये आणि रांगेत उभे असताना आधीच तो उघडून धरू नये.

पाकिटासाठी अलिपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपपासून सुरुवात करावी, कारण परदेशी माणसाला ते समजायला सोपे आहे. नंतर वीचॅटमधील पाकीटही सुरू करावे, म्हणजे एक अडले तर दुसरे हाताशी राहील. दोन्हीकडे पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवावी लागते आणि मग भारतीय कार्ड जोडता येते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार पडत नाही. त्यावरच्या व्यवहाराला ३ टक्के आकार पडतो. २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा १,००० वरून ५,००० अमेरिकी डॉलर आणि वर्षाची मर्यादा १०,००० वरून ५०,००० डॉलर करण्यात आली. वसतिगृहाचे भाडे किंवा महाविद्यालयाची फी या मार्गाने भरल्यास ३ टक्क्यांचा भुर्दंड बसतो. त्यासाठी निवासाचा परवाना मिळाल्यावर स्थानिक बँकेत खाते उघडावे आणि तेच पाकिटाला जोडावे.

परदेशी कार्डावरून व्यक्तीला पैसे पाठवता येत नाहीत. रस्त्यावरच्या एखाद्या विक्रेत्याने दुकानाचा कोड न लावता स्वतःचा खासगी कोड लावला असेल, तर आपला व्यवहार नाकारला जातो आणि दोघेही गोंधळतात. अशा वेळी आपला कोड त्यालाच स्कॅन करता येतो का ते पाहावे, नाहीतर रोख द्यावी. रोख युआन नाकारणे हे चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या नियमांविरुद्ध आहे, तरी सुटे नसण्याची अडचण खरीच असते; म्हणून पाच, दहा आणि वीस युआनच्या काही नोटा नेहमी जवळ असाव्यात.

या दोन ॲपच्या पोटात हजारो छोटे ॲप असतात, त्यांना मिनी-प्रोग्राम म्हणतात. खाणावळीच्या टेबलावरचा कोड स्कॅन केला की पदार्थांची यादी तिथेच उघडते, मागणी तिथेच नोंदते आणि पैसेही तिथेच वळते होतात. वेटर फक्त ताट आणून ठेवतो. यादीतील चिनी मजकूर ॲपच्याच भाषांतराने वाचता येतो. शाकाहारी माणसाने मागणीच्या खाली असलेल्या टिपेच्या रकान्यात चिनी भाषेत तयार ठेवलेले वाक्य चिकटवावे : मांस, मासे, अंडे, प्राण्यांची चरबी आणि मांसाचे पाणी काहीही नको. हे वाक्य चिनी जाणणाऱ्या माणसाकडून एकदा नीट लिहून घ्यावे, कारण नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्यास भाजीत डुकराचे बारीक तुकडे येणे अगदी शक्य आहे. रुग्णालयातही नंबर लावणे, पैसे भरणे आणि रक्ताचा अहवाल पाहणे हे सर्व अशाच मिनी-प्रोग्राममधून होते. म्हणून तब्येत ठीक असतानाच जवळच्या रुग्णालयात पासपोर्ट दाखवून एकदा नोंद करून ठेवावी. ताप चढलेला असताना चिनी रकाने भरण्याची वेळ कोणावर येऊ नये.

रेल्वे आणि रस्ता

२०२४ अखेर चीनमधील जलदगती रेल्वेचे जाळे सुमारे ४८,००० किलोमीटरचे झाले. बेळगाव ते बेंगळुरू हे साधारण सहाशे किलोमीटरचे अंतर आपली वंदे भारत साडेआठ तासांच्या आसपास कापते. बीजिंग ते शांघाय हे १,३१८ किलोमीटर तिथली सर्वांत वेगवान गाडी साडेचार तासांच्या आत कापते, तेही २०११ पासून चालू असलेल्या मार्गावर. हा फरक पहिल्यांदा अनुभवताना छाती दडपते, हे मी मोकळेपणाने सांगतो, आणि आपल्या भागालाही अशी गाडी मिळावी असे मनापासून वाटते.

तिकिटासाठी ‘१२३०६’ या रेल्वेच्या अधिकृत ॲपची इंग्रजी आवृत्ती वापरावी. पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून ती प्रवासाच्या आदल्या रात्री सुरू करू नये. विक्री साधारण पंधरा दिवस आधी खुली होते आणि चिनी नववर्षाच्या सुमारास तिकिटे काही क्षणांत संपतात. कागदी तिकीट नसते. पासपोर्ट हेच तिकीट. चिनी प्रवासी ओळखपत्र टेकवून फाटकातून जातात, पण आपला पासपोर्ट प्रत्येक फाटक वाचत नाही, म्हणून कर्मचारी उभा असलेल्या फाटकाकडे सरळ जावे. गाडी सुटण्यापूर्वी काही मिनिटे फाटक बंद होते आणि मग धावत येऊनही उपयोग नसतो. सामानाच्या तपासणीचा वेळ धरून मोठ्या स्थानकावर तासभर आधी पोहोचावे. डब्यात उकळत्या पाण्याचा फुकट नळ असतो, त्यामुळे घरून नेलेले उपिटाचे किंवा पोह्यांचे तयार पाकीट तिथे फार उपयोगी पडते. आसनाजवळचा कोड स्कॅन करून पुढच्या स्थानकातील हॉटेलचे जेवण जागेवर मागवण्याची सोयही आहे.

शहरात मेट्रोसाठी अलिपेमध्ये त्या त्या शहराचा प्रवास-कोड सुरू करावा लागतो. आत जाताना आणि बाहेर पडताना एकाच फोनवरचा कोड लागतो, म्हणून बॅटरी संपत आली असताना मेट्रोत शिरू नये. यावर उपाय तिथेच आहे : जवळजवळ प्रत्येक दुकानात भाड्याच्या पॉवर बँकांची पेटी असते. कोड स्कॅन केला की एक पॉवर बँक बाहेर येते, ताशी काही युआन पडतात आणि ती त्याच कंपनीच्या कोणत्याही पेटीत परत करता येते. परत करताना ती खटकन बसली का आणि फोनवर व्यवहार संपल्याचा संदेश आला का, हे पाहूनच निघावे; नाहीतर भाडे चढत जाते आणि शेवटी पॉवर बँकेची पूर्ण किंमत, साधारण ९९ युआन, वळती होते.

भाड्याच्या सायकलींचे तेच. मेइतुआनची पिवळी, हॅलोची निळी आणि दीदीची हिरवट, यांतली कोणतीही घेता येते. पण सायकल आखलेल्या चौकटीतच ठेवावी लागते, नाहीतर जादा पैसे पडतात. टॅक्सीसाठी दीदी वापरावे. त्यात इंग्रजी आहे आणि चालकाचा चिनी संदेश भाषांतरित होऊन दिसतो. वुहानमध्ये बायदू कंपनीच्या चालक नसलेल्या टॅक्सींना २०२२ पासून व्यावसायिक परवानगी आहे. चालकाच्या रिकाम्या जागेसमोर सुकाणू आपोआप वळताना पाहिले की अंगावर काटा येतो, पण रोजच्या कामाला दीदी पुरे.

नकाशासाठी गूगलवर विसंबू नये. चीनमध्ये नकाशांसाठी कायद्याने जागेचे अक्षांश-रेखांश दाखवण्याची वेगळी पद्धत वापरली जाते, त्यामुळे परदेशी नकाशात आपण शेजारच्या इमारतीत किंवा नदीत उभे असल्याचे दिसू शकते. अमॅप हे तिथले ॲप घ्यावे; आयफोनवरचे ॲपलचे नकाशेही नीट चालतात. अमॅपवर गाडी चालवताना पुढचा लाल दिवा किती सेकंदांनी हिरवा होणार तेही दिसते, आणि हे पाहून बेळगावच्या राणी चन्नम्मा चौकात रोज अडकणाऱ्या माणसाला हेवा वाटणे स्वाभाविक आहे.

रस्ता ओलांडताना मात्र कानांवर भरवसा ठेवू नये. तिथल्या दुचाकी जवळजवळ सगळ्याच विजेच्या आहेत आणि त्या पदपथावरूनही मागून आवाज न करता येतात. शेनझेनने २०१७ च्या अखेरीस १६,००० हून अधिक बस विजेवर आणल्या, आणि २०२४ च्या मध्यापासून चीनमधल्या नव्या मोटारींच्या मासिक किरकोळ विक्रीत बहुतेक महिन्यांत निम्म्याहून अधिक गाड्या विजेच्या किंवा प्लग-इन हायब्रिड (चार्ज होणाऱ्या आणि इंधनावरही चालणाऱ्या) असतात. आपल्याकडे मागून गाडी येत असल्याचे इंजिनच सांगते. ती सवय मोडायला थोडे दिवस लागतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर त्यांना हे आवर्जून सांगावे.

पार्सल, इमारत आणि चेहरा

ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या ॲपवरून मागवलेली वस्तू क्वचितच दारात येते. वसाहतीच्या पायथ्याशी किंवा महाविद्यालयाच्या आवारात एक गाळा असतो, तिथे ती येऊन पडते आणि फोनवर ‘७-२-३०४५’ असा कोड येतो. सातवे रॅक, दुसरी फळी आणि पुढे पार्सलचा क्रमांक. संध्याकाळी सातच्या सुमारास त्या गाळ्यात गेलो की दहा-बारा माणसे फोनकडे आणि रॅककडे आळीपाळीने पाहत उभी असत आणि कोणी कोणाला काही विचारत नसे. आपले पार्सल आपणच शोधून दाराजवळच्या स्टँडवरील कॅमेऱ्याखाली धरायचे. कॅमेरा लेबल वाचतो, नेणाऱ्याचा फोटो टिपतो, टिंग आवाज होतो आणि आपण बाहेर पडायचे. कुठे सही नाही, कुठे रखवालदार नाही. दुसऱ्याचे पार्सल उचलले गेले तर त्या यंत्रावर लगेच कळते आणि परतही ठेवता येते. ज्यांनी आपल्याकडे कुरिअरवाल्याची वाट पाहत दिवस घालवला आहे, त्यांना या साध्या गाळ्याचे मोल कळेल. पत्ता एकदाच चिनी जाणणाऱ्या माणसाकडून ॲपमध्ये लिहून घ्यावा आणि फोन क्रमांकाचे अकरा अंक बरोबर आहेत का ते पाहावे, कारण पुढचे सगळे त्या क्रमांकावर चालते. काही ठिकाणी गाळ्याऐवजी कुलपाची कपाटे असतात. त्यांत ठरावीक तासांनंतर भाडे पडते. बहुतेक ऑनलाइन वस्तू सात दिवसांच्या आत कारण न देता परत करता येतात. हा ग्राहकाचा हक्क तिथे २०१४ पासून कायद्यात आहे.

हॉटेलात जेवण मागवले तर ते यंत्रमानव घेऊन येण्याची शक्यता बरीच आहे. पिंपासारखा दिसणारा तो गडी स्वतः लिफ्ट बोलावतो, मजल्यावर उतरतो आणि खोलीतला फोन वाजवतो. फोनवर चिनी आवाज ऐकून तो ठेवून देऊ नये. दार उघडावे, त्याच्या पडद्यावरील बटण दाबावे, झाकण उघडले की डबा घ्यावा. लिफ्टमधली आणखी एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते : विजेची दुचाकी किंवा तिची बॅटरी आत नेली की अनेक इमारतींत कॅमेरा ती ओळखतो, सूचना वाजते आणि दार बंदच होत नाही. घरात चार्जिंग करताना लागलेल्या आगींमुळे हा बंदोबस्त आहे. दुचाकी खाली ठरवलेल्या जागीच चार्ज करावी.

वसतिगृहाच्या आणि कार्यालयाच्या दारात चेहरा दाखवून आत जाण्याची पद्धत सर्रास आहे. ज्यांना हे नको असेल त्यांनी कार्ड किंवा पासपोर्टची सोय मागावी. १ जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, त्याच कामासाठी दुसरा मार्ग असेल तर चेहऱ्याची ओळख हा एकमेव मार्ग ठेवता येत नाही. माझे मत असे की वसतिगृहापुरता चेहरा देण्यात हरकत नाही, पण दुकानाच्या सवलतीसाठी किंवा भेटवस्तूसाठी तो देऊ नये. चेहरा बदलता येत नाही, पासवर्ड बदलता येतो.

चेहऱ्याचा सर्वांत अनपेक्षित उपयोग बीजिंगच्या ‘टेंपल ऑफ हेवन’ येथील स्वच्छतागृहात झाला होता. कागद चोरीला जातो म्हणून २०१७ मध्ये तिथे चेहरा पाहून साठ सेंटिमीटर कागद देणारी यंत्रे बसवली गेली आणि त्याच माणसाला पुन्हा कागद हवा असल्यास नऊ मिनिटे थांबावे लागे. आजही अनेक ठिकाणी कागद कोड स्कॅन करून मिळतो किंवा मिळतच नाही, म्हणून टिश्यूचे पाकीट आणि पाण्याची छोटी बाटली कायम पिशवीत असावी.

यंत्रे पाहायला जाणाऱ्यांसाठी

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभर बसवलेल्या औद्योगिक यंत्रमानवांपैकी ५४ टक्के, म्हणजे सुमारे २,९५,००० एकट्या चीनमध्ये बसवले गेले. फोशानच्या परिसरातील एखाद्या मध्यम कारखान्यातही ओतकामानंतर घासण्याचे आणि पॉलिशचे काम यंत्राचा हात करताना दिसतो. धूळ फुफ्फुसात घेत हेच काम करणारी आपल्या फाउंड्रीतील माणसे मला त्या वेळी आठवली, आणि म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की चकचकीत प्रदर्शनापेक्षा अशा कामांचे यंत्र आधी पाहा.

खरेदी ठरवताना काही बाबी लेखी घ्याव्यात. तिथली औद्योगिक वीज ३८० व्होल्टची आणि आपली ४१५ व्होल्टची, त्यामुळे मोटार, ड्राइव्ह आणि ट्रान्सफॉर्मर आपल्या दाबाला चालतील याची खात्री करावी. कंट्रोलरची इंग्रजी आवृत्ती आणि इंग्रजी पुस्तिका प्रत्यक्ष सुरू करून पाहावी. बरीच नवी यंत्रे दुरुस्तीसाठी इंटरनेटवरून कंपनीशी जोडलेली असतात. ती जोडणी बंद ठेवता येते का आणि ती बंद असताना यंत्र पूर्ण चालते का, हे विचारावे. चिनी बीजक आता बहुतांशी डिजिटल असते आणि ते फोनवर किंवा ईमेलवर येते. गूगलचा मेल तिथे उघडत नसल्याने कंपनीच्या नावाचा दुसरा पत्ता द्यावा. यंत्राचे पैसे बेळगावातील बँकेमार्फत विक्रेत्या कंपनीच्या खात्यातच पाठवावेत. कोणाच्याही वैयक्तिक क्यूआर कोडवर अनामत रक्कमसुद्धा भरू नये.

परत येताना

तिथे स्वस्त मिळतो म्हणून ड्रोन आणण्याचा मोह अनेकांना होतो. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. विमानतळावर तो अडकतो. चिनी बाजारपेठेसाठी बनवलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये गूगलच्या सेवा नीट नसतात, म्हणून घरच्यांसाठी फोन घेताना जागतिक आवृत्ती आहे का हे दुकानातच पाहावे.

खाती बंद करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. वाटेतली पार्सले आणि परताव्याचे पैसे आधी येऊ द्यावेत, सायकल किंवा इतर सेवांकडील अनामत मागून घ्यावी, मिनी-प्रोग्रामना दिलेली आपोआप पैसे कापण्याची परवानगी रद्द करावी, पाकिटातली शिल्लक बँकेत वळवावी आणि बँक खाते बंद करावे. वीचॅटमधील कामाचे संपर्क, फोटो आणि कागदपत्रे वेगळी साठवून घ्यावीत, कारण भारतात ते ॲप हाताशी नसेल. या प्रत्येक पायरीला चिनी क्रमांकावर संदेश येतो, त्यामुळे सिमकार्ड सर्वांत शेवटी, निघण्याच्या आदल्या दिवशी, पासपोर्ट घेऊन दुकानात जाऊन बंद करावे आणि बंद केल्याची पावती घ्यावी. नुसते रिचार्ज थांबवून निघून आल्यास तो क्रमांक काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो आणि आपल्या पाकिटाचे ओटीपी त्याच्या फोनवर जाऊ लागतात.